कासवाचे पिल्लू मागवण्याआधी कागद तपासा, पेटी तयार ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रेल्वे स्थानकावर पिशवीत दडवलेली स्टार कासवे पकडली, अशी बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. पकडली जात नाहीत ती मोबाइलवरच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचतात. मुलांचा हट्ट असतो, किंवा घरात कासव असले की बरकत येते असे कोणीतरी सांगितलेले असते. आगाऊ रक्कम पाठवली की दोन दिवसांत खाऊच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या चोळामोळ्यात गुंडाळलेले पिल्लू येते. त्यातली बरीचशी पिल्ले दोन-तीन महिन्यांत मरतात आणि 'आम्हाला कासव लाभले नाही' म्हणून विषय संपतो. लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. ती तहानेने, गारठ्याने आणि चुकीच्या खाण्याने मरतात, आणि हे तिन्ही टाळता येते. कासवे पाळणारे आणि त्यांच्यावर उपचार करणारे आम्ही काही जण म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

पहिला प्रश्न कायद्याचा, कारण पैसे गेल्यावर तो विचारून उपयोग नसतो. काळपट कवचाच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध पिवळा ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटणारे पिवळे पट्टे दिसले, की ते आपले भारतीय स्टार कासव. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये त्याला आधीपासूनच संरक्षण होते. 2022 च्या दुरुस्तीने ते अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत गेले आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. 2019 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. 'आमच्याकडे जन्मलेले आहे, सर्टिफिकेट देतो' या विक्रेत्याच्या बोलण्यावर जाऊ नये. खासगी माणसाने हे कासव विकत घ्यावे अशी सोय कायद्यात नाही, त्यामुळे ते सर्टिफिकेट म्हणजे कागदाचा तुकडा. विहिरीत सोडायला म्हणून विकली जाणारी मऊ पाठीची कासवेही देशी आणि संरक्षितच. एकवीस नखांचे कासव आणि पैशांचा पाऊस ही तर उघड फसवणूक आहे, आणि तिच्यापायी कासवेही मरतात, माणसेही तुरुंगात जातात.

मग कायदेशीर काय? जमिनीवरच्या परदेशी कासवांत आपल्याकडे प्रामुख्याने सल्काटा विकले जाते. हे आफ्रिकेतले, सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातले. पिल्लू फिकट, मातकट रंगाचे असते, खवल्यांच्या कडा तपकिरी, आणि ताऱ्यासारखे पट्टे अजिबात नसतात. हा प्राणी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या (साइटिस) यादीत असल्यामुळे त्याची सरकारदरबारी नोंद लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये निघालेल्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. पुढे मालकी बदलली किंवा प्राणी मेला, तरी तेही कळवावे लागते. म्हणजे विकणाऱ्याकडेही नोंद हवीच. ती विचारल्यावर जो 'त्याची काही गरज नसते' म्हणतो, त्याच्याकडून पिल्लू फुकट मिळाले तरी घेऊ नये.

नोंद दाखवली तर पुढचे विचारावे. अंड्यातून कधी बाहेर आले? आज वजन किती? पोटाकडच्या कवचाचा जवळून फोटो मागावा. मध्यभागी बेंबीची जागा पूर्ण मिटून कोरडी झालेली हवी. तिथे अजून फुगवटा किंवा ओलसर भेग असेल तर पिल्लू काही दिवसांचेच आहे, त्याला हलवू नये. गवत खातानाचा, डोळे उघडे असलेला ताजा व्हिडिओ मागावा. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: पिल्लांना रोज पाण्यात बसवता का, आणि ती ओलसर मातीवर ठेवली आहेत की कोरड्या भुश्यावर? 'वाळवंटातले कासव, त्याला पाणी कशाला' असे उत्तर आले तर तिथेच थांबावे. पहिल्या काही आठवड्यांत कोरडे ठेवलेल्या पिल्लाचे मूत्रपिंड आतून खराब होते. बाहेरून ते ठणठणीत दिसते, खातेही, आणि तुमच्या घरी आल्यावर महिन्या-दीड महिन्याने वजन थांबते, कवच मऊ पडते. त्यानंतर कितीही औषधे दिली तरी फारसे हाती लागत नाही. शक्य असेल तर कुरिअरच्या भानगडीत न पडता स्वतः जाऊन, पाहून, हातात घेऊन आणावे. निरोगी पिल्लू आकाराच्या मानाने जड लागते आणि उचलल्यावर पाय जोराने आत ओढते.

पेटी पिल्लाच्या आधी आठवडाभर तयार होऊन चालू असावी. तापमान कुठे किती राहते हे त्या आठवड्यात कळते. काचेची मासळ्यांची टाकी नको. आरपार दिसते म्हणून कासव दिवसभर भिंतीशी झटापट करत राहते. आतून रंगाचे दोन हात दिलेली, वरून बंद होणारी प्लायवूडची पेटी उत्तम. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड-दोन फूट उंच एवढी पेटी पहिले वर्षभर पुरते. तळाला भिजवून घट्ट पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन इंचांचा थर. वाळू नको, ती पोटात जाऊन साचते. वर्तमानपत्र नको, पाय घसरतात आणि ओल टिकत नाही. एका कोपऱ्यात पालथे ठेवलेले, अर्धे फोडलेले मातीचे मडके लपायला, आणि आत चढता-उतरता येईल इतकी उथळ मातीची बशी पाण्याला.

एका टोकाला उष्णता देणारा दिवा, त्याच्याखाली 35 ते 38 अंश सेल्सिअस. दुसऱ्या टोकाला 27-28. रात्री 26 च्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाला जोडावा. तापमान कासवाच्या पाठीच्या उंचीवर मोजावे, पेटीच्या झाकणापाशी मोजलेला आकडा निरुपयोगी. हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास हवी, आणि इथेच बहुतेक जण अडखळतात. पाठीचे खवले पिरॅमिडसारखे उंच वाढलेली सल्काटा आपल्याकडे सर्रास दिसतात आणि लोकांना तेच मूळ रूप वाटते. कोरड्या हवेत वाढताना नव्या खवल्याची कड आक्रसते म्हणून ते तसे होतात, आणि एकदा झाले की परत सपाट होत नाहीत. आफ्रिकेत पिल्ले पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेर येतात आणि ओलसर बिळांत, गवताच्या बुडख्यांत दडून असतात. आपण देतो ती ओल त्याचीच भरपाई. मात्र ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते. कोकणात पावसाळ्यात आणि नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत हीटर बंद पडला तर दोन रात्री पुरतात. भारनियमन असलेल्या गावांत थर्माकोलचा खोका आणि कोमट पाण्याची फडक्यात गुंडाळलेली बाटली हाताशी असावी.

उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांशिवाय कॅल्शियम हाडांत आणि कवचात बसत नाही. त्यासाठी हे किरण देणारी, ट्यूबलाइटसारखी लांब टी5 नळी मिळते. दिवसाचे बारा तास चालवावी, कासवापासून तिचे अंतर उत्पादक सांगेल तेवढेच ठेवावे, आणि वर्षाने बदलावी, कारण उजेड तसाच दिसला तरी हे किरण कमी झालेले असतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामाचे नाही, काच हे किरण अडवते. खरे ऊन सर्वांत चांगले: सकाळी अर्धा तास, गच्चीवर किंवा गॅलरीत, जाळीच्या झाकणाखाली, अर्धी जागा सावलीत. कावळा, घार, मांजर आणि घूस या चौघांनाही पिल्लू म्हणजे घास आहे. प्लास्टिकचा टब किंवा काचेची टाकी उन्हात ठेवली तर काही मिनिटांत तिची भट्टी होते आणि पिल्लू तिथेच संपते. वैशाखात असे दरवर्षी घडते.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे कोमट पाण्यात बसवणे. पसरट भांड्यात, वरचे आणि खालचे कवच जुळते त्या रेषेपर्यंत पाणी, डोके सहज वर राहील असे. वीस मिनिटे. हे पहिल्या वर्षी रोज. पाण्यात पांढरा पदार्थ सोडते तो लघवीतला भाग असतो. तो दह्यासारखा मऊ असेल तर ठीक, वाळूसारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडते आहे. त्यानंतर पेटीत सोडून द्यावे आणि आठवडाभर आंघोळ व खाणे सोडून हात लावू नये. शेजारपाजारच्या मुलांना दाखवणे, पाठीला तेल लावणे, कवच रंगवणे काहीही नको. पहिले दोन-तीन दिवस खाल्ले नाही तरी चालते. घरात आधीचे कासव असेल तर दोघांची पेटी, भांडी, ब्रश निदान सहा महिने वेगळे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला जंतू निरोगी कासवाच्या विष्ठेतही असतात, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो.

खाण्यात नव्वद टक्के गवत आणि पाने. दूर्वा-हरळी बारीक चिरून, तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले, शेवग्याचा पाला थोडा, आणि काटे व बारीक कुसे जाळून काढलेले फड्या निवडुंगाचे पान. हे सारे आपल्या अंगणात आणि बांधावर मिळते, डबाबंद खाद्याची गरज नाही. गवत रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेले नको. नर्सरीतून आणलेल्या झाडाची पाने पहिले काही महिने देऊ नयेत, औषध आत मुरलेले असते. पालक, चुका, राजगिरा यांत कॅल्शियम अंगी लागू न देणारे ऑक्झलेट जास्त, म्हणून क्वचित. फळे, भात, पोळी, दूध-ब्रेड, कुत्र्याचे खाद्य मुळीच नको. गवत पचवणाऱ्या आतड्यात साखर आणि पिष्ट गेले की जुलाब लागतात. कण्हेर, रुई, डायफेनबेकिया ही झाडे आसपासही नकोत. आठवड्यातून दोनदा चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेटची पूड पानांवर भुरभुरावी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन, मागचे कडक पापुद्रे खरवडून, पेटीत ठेवले तर कासव हवे तेव्हा कुरतडते.

दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. नवजात पिल्लू 30 ते 40 ग्रॅमचे असते. वजन लागोपाठ दोन आठवडे उतरले, नाकातून बुडबुडे आले, मान ताणून तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले किंवा डोळे सुजले, तर कासवांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडेच न्यावे. असा डॉक्टर कुठे आहे हे पिल्लू आणण्याआधी शोधून ठेवावे, कारण जिल्ह्याच्या ठिकाणीही तो असेलच असे नाही. एक गोष्ट ठळक छापावी अशी विनंती: आयव्हरमेक्टिन हे गुराढोरांना आणि काही कुत्र्यांना सर्रास दिले जाणारे औषध कासवाला प्राणघातक आहे. जंतांसाठी ते कधीही टोचू देऊ नये. आधी विष्ठा तपासून घ्यावी, जंत असतील तर त्यावर दुसरी औषधे आहेत.

आता शेवटचा हिशेब, जो जाहिरातीत नसतो. तळहातावर मावणारे हे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोचे होते, नर त्याहूनही मोठे. ते पन्नासहून अधिक वर्षे जगू शकते. ते खोल बिळे खणते आणि साध्या पत्र्याचे कुंपण ढकलून पाडते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते कायमचे ठेवता येत नाही. ज्यांच्याकडे वाडी, फार्म किंवा मोठे अंगण नाही आणि आपल्यानंतर ते सांभाळायला कोणी नाही, त्यांनी ते घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी म्हणून पाण्यातले, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले रेड इअर्ड स्लायडर घेणाऱ्यांचीही तीच गत. रुपयाएवढे पिल्लू ताटलीएवढे होते, टाकीला वास येतो आणि ते गुपचूप गावच्या तलावात सोडले जाते. तिथे ते देशी कासवांचे खाणे आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावते. कोणतेही पाळलेले कासव, देशी असो वा परदेशी, नदी-तलावात किंवा रानात सोडू नये, त्याच्याबरोबर त्याचे रोगही जातात. स्टार कासव घरात असेल, किंवा कुठे विकले जाताना दिसले, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

सुट्टीच्या पुरवण्यांत आणि वास्तुशास्त्राच्या सदरांत 'घरी कासव ठेवा' असा सल्ला छापून येतो. त्या मजकुराशेजारी कायद्याची तरतूद आणि हा क्रमांक चौकटीत द्यावा, अशी आपणास विनंती आहे.

आपले,
कासवे पाळणारे व त्यांच्यावर उपचार करणारे काही वाचक, पुणे