त्या लाख मतांचं पुढे काय झालं?

मा. केंद्रीय कायदामंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

बेळगावात, शहापूर भागात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात पोरांचं एक टोळकं आलं, बोर्डावरच्या मराठी ओळीला डांबर फासलं, मोबाईलवर शूटिंग केलं आणि गेलं. कन्नड वर होतं, मोठ्या अक्षरांत होतं. तरीही. नव्या बोर्डाचा खर्च माझा, वर घरच्यांची बोलणी: "कशाला हवी होती ती ओळ?"

निवडणुकीत एक उमेदवार याच दुकानात बसून चहा प्याला होता. अस्सल बेळगावी मराठीत म्हणाला, उतारे मराठीत मिळवून देतो. आता त्याचा पीए फोन उचलतो, साहेब मीटिंगमध्ये असतात. डांबरवाल्यांबद्दल साहेबांच्या तोंडून चकार शब्द नाही. कशाला काढतील? गरजच नाही की.

पोलिसांत जा, म्हणाल. पण मूळ दुखणं निवडणुकीत आहे: सगळ्यांत जास्त मतं तो विजयी, हा नियम तुमच्या कायद्यातला आहे. चौघे-पाच जण उभे राहिले की एक-तृतीयांश लोक पेटवले तरी भागतं, उरलेल्यांची दुसरी पसंती कोण विचारतो? 2021 ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक काढून बघा. निकाल पाचेक हजारांच्या फरकाने लागला आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला लाखावर मतं होती. पसंतीक्रम असता, म्हणजे उमेदवारांना एक-दोन-तीन असे क्रम देता आले असते आणि बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीला गेली असती, तर दोन्ही बड्या पक्षांना त्या लाखाच्या दारात गोड बोलत यावं लागलं असतं. राज्यसभेला पसंतीक्रम, राष्ट्रपतींना पसंतीक्रम, आम्हाला मात्र एकच बटण. एक-दोन-तीन लिहायची अक्कल बहुतेक आमदार-खासदारांनाच असावी!

आमचेही काही कमी नाहीत. 2018 ला समितीच्या दोन गटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार दिले, एकही निवडून आला नाही, आणि भाषणं तेवढी आणखी कडक झाली. पडलेल्याला गल्लीत टिकायचं तर ओरडावंच लागतं.

1996 ला सीमाप्रश्नासाठी इथे साडेचारशेवर उमेदवार उभे राहिले. दिल्लीने त्यातून काय घेतलं? खुल्या गटाची अनामत 500 वरून 10,000! आता ती 25,000 आहे. म्हणणं ऐकलंच नाही, तोंड उघडायचा दर तेवढा वाढवला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) प्रमाणे भाषेच्या नावावर मत मागणं म्हणजे भ्रष्ट आचरण. एकदा प्रचारात इथे येऊन बसा, साहेब, चहा मी पाजतो.

आयोग नको. सीमाप्रश्नावर महाजन आयोग 1966 ला नेमला, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. पसंतीक्रमाचं विधेयक आणा, एवढंच मागणं. पण ते मंजूर करणार संसद, आणि लोकसभेतले सगळे याच मोजणीने निवडून आलेले. ते कशाला हात वर करतील?

एक दुकानदार मतदार,
शहापूर, बेळगाव