रेडी रेकनरच्या शेजारी भाड्याचाही एक रकाना छापा

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

रेडी रेकनर, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांचा तक्ता; त्यात भाड्याचाही रकाना असावा, या मागणीसाठी हे पत्र. मी नाशिकला कामटवाड्यात राहते. खाली आम्ही आणि वर चार खोल्या भाड्याने. यजमानांनी २००४ साली सातपूरच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतली, त्या पैशात या खोल्या काढल्या. त्याच वर्षी धाकट्या दिरांनी आडगाव शिवारात प्लॉट घेतला. तेव्हा ते मला म्हणाले होते, "वहिनी, भाडेकरूंच्या मागे कशाला लागताय? जमीन झोपेतही वाढते."

त्यांचा पहिला डाव लागला, हे नाकारत नाही. २०१३ ला प्लॉट विकून त्यांनी मुलीचं लग्न थाटात केलं. त्या वेळी आमच्याकडे मोटर जळाली होती आणि मी पहिल्या मजल्यावर बादल्या चढवत होते. घोळ झाला तो पुढे.

नाशिक–पुणे सेमी हायस्पीड रेल्वेची रेघ सिन्नर तालुक्यातून जाणार, असं कळल्यावर दिरांनी चौघांत मिळून एका शेतजमिनीवर विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, दिला. आपल्या खात्याच्या दप्तरात हा प्रकार दिसत नाही, म्हणून सांगते. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करायची, अकरा महिन्यांची मुदत घ्यायची, आणि खरेदीखत करायचं मुळात कुणाच्याच मनात नसतं. मुदत संपायच्या आत सौदा पुढच्याच्या गळ्यात घालायचा आणि मधला फरक खिशात टाकायचा. एकच जमीन चार हातांतून फिरते, सातबाऱ्यावर मात्र मूळ शेतकऱ्याचंच नाव राहतं. सरकारला खरेदीच्या मुद्रांक शुल्काचा एक पैसा मिळत नाही. पुढे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडचण होते म्हणून रेल्वेचा मार्ग बदलायचं ठरलं. शेवटचा विसार ज्यांच्या हातात होता ते बसले, त्यात आमचे दीरही.

नाशिकला हे नवं नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले आणि आठवड्याभरात फ्लॅटच्या जाहिरातींत 'मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं' असं छापून आलं. मेट्रोचा एक खांबही उभा राहिलेला नाही, भाव मात्र उभे राहिले. आता कुंभमेळा आणि समृद्धी महामार्ग यांच्या नावाने तेच चाललंय. २०२५ च्या जुलैत तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरच्या बंदीत, सवलत देण्याचं आपल्या खात्याने विधानसभेत जाहीर केलं. गुंठ्यात अडकलेल्या गरिबांसाठी ते चांगलंच. पण त्याच संध्याकाळी एका एजंटाचा मला फोन आला, "काकू, आता गुंठेवारी घ्याच."

आता फ्लॅटचं गणित बघा. आमच्या भाच्याने पाथर्डी फाट्याला ४५ लाखांचा टू बीएचके 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून घेतला. ३६ लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ३१ हजारांच्या वर. भाडं येतं १३ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा जाता घराच्या किमतीवर वर्षाला तीन टक्केही सुटत नाहीत, म्हणजे बँकेतली एफडी बरी. दरमहा अठरा हजार तो पगारातून घालतो, कशाच्या भरवशावर? तर भाव वाढेल. वाढेलही. पण याला सट्टा म्हटलं की तो रागावतो.

आमच्या खोल्यांमध्ये सगळं सुखाचंच आहे असं नाही. अंबडला ठेक्यावर काम करणारी पोरं आहेत, पगार दहा तारखेला होतो, म्हणून भाडं बाराला येतं. २०२० च्या टाळेबंदीत पोरं गावी गेली आणि दोन खोल्यांना सात महिने कुलूप होतं. माझ्या वहीत त्या रकान्यांत नुसती शून्यं आहेत. तरी वही उघडली की मागच्या वर्षी किती आले आणि दुरुस्तीला किती गेले हे रुपयांत सांगता येतं. दिरांना विचारलं तर ते सांगतात, शेजारचा प्लॉट म्हणे अमुक भावाने गेला.

हा 'म्हणे' मोडायचं साधन आपल्याच खात्याकडे आहे. दर १ एप्रिलला आपण रेडी रेकनर काढता. २०२५ ला नाशिक महापालिका हद्दीत तो सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढला. एजंट लोक तो मोबाइलवर काढून सरकारी शिक्क्यासारखा दाखवतात. त्याच खात्यात भाडेकरारही नोंदले जातात. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती नोंदणी सक्तीची आहे आणि करवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. म्हणजे कुठल्या भागात घराला खरोखर किती भाडं मिळतं, हे सरकारला ठाऊक आहे. माझी मागणी एवढीच, की रेकनरच्या दराशेजारी त्या विभागात नोंदलेल्या भाड्याची सरासरीही छापा. कुणाचं नावगाव नको. ४५ लाखांसमोर १३ हजार हा आकडा भाच्याने विसार देण्याआधी वाचला असता, तर निदान आईला विचारलं असतं.

यात एक अडचण आहे, ती मीच सांगते. लहान खोल्यांचे करार नोंदले जात नाहीत. साडेचार हजारांच्या खोलीला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क सव्वाशेच्या आसपास होतं, पण नोंदणी फी हजार रुपये आणि करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. भाडेकरू पोरगा सहा महिन्यांत कंपनी बदलतो, मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्याही चारपैकी दोनच खोल्यांचे करार नोंदलेले आहेत, हे उघडपणे लिहिते. दहा हजारांच्या आतल्या भाड्याला फी शंभर रुपये करा, उरलेले दोन मी लगेच नोंदवते.

आणि एक तुलना करून बघा. बिल्डरकडून फ्लॅट घेऊन तीन वर्षांत दुसऱ्याला विकला, तर आधी भरलेलं मुद्रांक शुल्क पुढच्या व्यवहारात वळतं करून मिळतं. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती, २०२२ मध्ये तीन केली. घर घेऊन फिरवणाऱ्याला तीन वर्षांची सवलत, आणि घर बांधून त्यात माणसं ठेवणाऱ्याला दर अकरा महिन्यांनी हजाराची पावती.

येत्या १ एप्रिलला तक्ता उघडून बघेन.

आपली,
कामटवाड्यातली एक घरमालकीण