फरशी फोडण्याआधी गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करून बघा

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : सदनिका ३०२ च्या छतातील गळती, ४०२ ला दिलेली फरशी फोडण्याची नोटीस आणि नळजोडणीची तपासणी

स.न.वि.वि.,

गळती माझ्या घरात आहे, तक्रारही मीच केली होती, आणि आता ती ज्यांच्या अंगावर आली त्यांच्या बाजूने मीच पत्र लिहिते आहे. विचित्र वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते.

४०२ च्या आजोबांना परवा समितीची नोटीस मिळाली : पंधरा दिवसांत बाथरूमची फरशी काढून स्वखर्चाने वॉटरप्रूफिंग करून घ्यावं. याला आधार म्हणजे आपण नेमलेल्या माणसाची तपासणी. ती माझ्या डोळ्यांसमोर झाली. त्याने माझ्या छताचा एक पोपडा नखाने खरवडला आणि 'वरून येतंय' असं सांगितलं. तेवढं मलाही माहीत होतं. मग वर जाऊन दोन नळ उघडून बंद केले, एकदा फ्लश केला आणि तक्त्यावर खुणा केल्या. 'नळजोडणी : योग्य. फरशी : सदोष.' दोन्ही घरं मिळून बारा मिनिटं. टॉर्चसुद्धा माझाच होता.

आमचं हे घर घेताना आम्ही तपासणीसाठी एक गृहस्थ बोलावले होते. ते पावणेदोन तास होते आणि त्यातला निम्मा वेळ दोन बाथरूम आणि सिंकपाशीच गेला. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं : गळती कुठून होते ते नंतर, ती कधी होते ते आधी विचारा. येणारं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे त्या पाइपची गळती कोणी नळ उघडो न उघडो, चालूच राहते. सांडपाण्याच्या पाइपात एरवी पाणीच नसतं. वर कोणी अंघोळ केली, फ्लश केला की थोड्या वेळात खाली ठिबकतं आणि थांबतं. आणि फरशीच्या सांध्यांतून जाणारं पाणी आधी खालच्या भरावात मुरतं, मग उशिरा, सावकाश झिरपतं. अंघोळी बंद केल्या तरी ते काही दिवस येत राहतं, पण हळूहळू कमी होत जातं.

म्हणून मी छताखाली मोजपात्र लावलं आणि सहा दिवस वहीत नोंदी केल्या. घरातले हसले, हसू देत. दिवसभरात कधीही बघा, तासाला साधारण ३०० मिलिलिटर. वर अंघोळी चालू असताना तेवढंच, दुपारी सगळं सामसूम असतानाही तेवढंच. रात्री अकराला आपला वॉचमन गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करतो. त्यानंतर खालच्या मजल्यांवरच्या वापराने पाइप रिकामा होत जातो, आणि साडेबाराच्या सुमारास माझी ठिबक थांबते. पहाटे साडेपाचला वॉल्व्ह उघडला की पावणेसहापर्यंत पुन्हा पहिला थेंब. सहाही दिवस हेच. भरावात मुरलेल्या पाण्याला गच्चीवरचा वॉल्व्ह कधी बंद झाला ते कळत नाही, अध्यक्ष महोदय. हे कळतं ते फक्त येणाऱ्या पाण्याच्या पाइपाला.

आता खरी मेख. या सहा दिवसांतले चार दिवस आजी-आजोबा मुलीकडे गेले होते. जाताना त्यांनी घरातला मेन कॉक बंद केला होता. आजोबांची ती सवयच आहे. म्हणजे ४०२ च्या आतल्या एकाही पाइपात दाब नव्हता, कोणी थेंबभर पाणी वापरत नव्हतं, आणि माझ्याकडे तासाला ३०० मिलिलिटर चालूच. कॉकच्या आतलं सगळं यातून सुटलं. उरतो कॉकच्या अलीकडचा तुकडा, म्हणजे डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेतला) डाउनटेक, टाकीतून खाली येणारा पाइप, आणि त्यातून ४०२ कडे जाणारा फाटा. तो पाइप सोसायटीचा आहे.

बाथरूमच्या खिडकीतून हात बाहेर काढून मी मोबाइलने डक्टचे फोटो काढले. चौथ्या मजल्याच्या स्लॅबजवळ, सांडपाण्याच्या पाइपामागे एक जुना लोखंडी एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, दिसतो. त्याच्या आट्यांवर गंजाचा तांबूस ओघळ आहे, त्यावर पांढरी पापुद्र्यासारखी खर, आणि खालची भिंत हातभर रुंदीत शेवाळाने हिरवी. दोन्ही बाजूंना भिंत कोरडी ठणठणीत. तोच दोषी, असा निकाल मी देत नाही. बारा मिनिटांत निकाल देणाऱ्यांवर मी चिडले आहे, तेव्हा फोटोवरून निकाल देणं मला शोभणार नाही. पण खात्री करायला छिन्नी-हातोडा लागत नाही. दिवसाढवळ्या, सगळ्यांना पूर्वसूचना देऊन, त्या डाउनटेकचा वॉल्व्ह दोन-तीन तास बंद ठेवायचा, पाइप खालच्या नळातून रिकामा करायचा आणि माझ्या छताकडे बघत बसायचं. थांबलं तर पाइप. पुन्हा उघडल्यावर सुरू झालं तर शंकाच नको.

वॉल्व्ह बंद करूनही ठिबक त्याच वेगाने चालू राहिली, तर फरशीकडे वळू. तेव्हाही फोडण्याआधी पाणी साठवून बघता येतं. नाहणी ट्रॅपचं तोंड बुच लावून बंद करायचं, फरशीवर बोटभर पाणी साठवायचं, पातळीला पेन्सिलची खूण करायची आणि २४ तास थांबायचं. मात्र ही चाचणी शेवटचीच ठेवा. वॉटरप्रूफिंग खरंच गेलेलं असेल तर ते सगळं पाणी माझ्या डोक्यावर येणार आहे, तेव्हा मला आधी सांगा.

आपल्या माणसाने ओल शोधायचा कॅमेरा आणायची तयारी दाखवली होती. आणा, पण त्यावर विसंबू नका. तो कॅमेरा पाणी बघत नाही, तापमानातला फरक बघतो. भिंत आणि पाणी एकाच तापमानाचं असेल तर त्याला काहीच दिसणार नाही. वरच्या बाथरूममध्ये गरम पाणी सोडून मग खालून बघितलं तर त्याचा काही उपयोग.

हे झालं माझ्या छताचं. पण समिती सगळ्याच घरांची तपासणी याच माणसाकडून, याच तक्त्यावर करून घेणार आहे असं सूचनाफलकावर वाचलं, म्हणून थोडं पुढचं. माझ्या घराच्या तक्त्यावर 'फ्लश : योग्य' अशी खूण आहे. त्याच संध्याकाळी मी फ्लश टँकमध्ये खायच्या रंगाचे दहा थेंब टाकले आणि वीस मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही. भांड्यातलं पाणी लालसर झालं. म्हणजे आतल्या वॉशरमधून पाणी गुपचूप चाललंय. आवाज नाही, ओल नाही, थेट गटारात. ४०२ च्या आजींनी आल्यावर तोच प्रयोग केला, त्यांचं भांडं पांढरं स्वच्छ. सदोष ते घर योग्य, योग्य ते सदोष.

गिझरखालच्या अँगल कॉकचंही तसंच. नुसत्या डोळ्यांना कोरडा दिसत होता. कोरडा टिश्यू पेपर नटाभोवती फिरवला तर कागदावर एका बाजूला अर्धचंद्र उमटला. एवढी ओल दोन वर्षांत भिंतीला लोणा लावते. प्रत्येक सांध्याला कागद लावायला किती वेळ लागतो? मला एका बाथरूमला चार मिनिटं लागली.

नळ उघडून 'पाणी येतंय' एवढं बघणं म्हणजे तपासणी नव्हे. दाब मोजायला गेज लागतं, ते नळाच्या तोंडाला लावता येतं. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार (दाबाचं एकक) दाब मिळतो. सातव्या मजल्यावर टाकीचं पाणी डोक्यावर जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. तिथल्या सभासदांनी आजवर तीन शॉवर बदलले. बिचाऱ्या शॉवरांचा काही दोष नव्हता, उंचीच नाही तर धार कुठून येणार! याउलट माझ्याकडे गेज दीड बारच्या आसपास दाखवत असेल आणि तरी बादली भरायला वेळ लागत असेल, तर पाइप आतून गंजाने नाहीतर क्षाराने अरुंद झालाय असं समजायचं. म्हणून दोन्ही बघावं लागतं : नळ बंद असताना दाब, आणि नळ उघडून दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते. शॉवर चालू ठेवून बेसिनचा नळ उघडायचा आणि धार किती पडते तेही बघायचं.

सांडपाण्याचं तर त्याने काहीच केलं नाही. बारीक धार सोडून सिंक तुंबतं का ते कळत नाही. सिंक काठोकाठ भरायचं आणि बुच एकदम काढायचं. मग पाइपावर खरा लोड येतो, सांधा ढिला असेल तर तेव्हा गळतो. पाणी जाताना शेजारच्या नाहणीतून गुडगुड आवाज आला तर हवेचा पाइप किंवा सांडपाण्याचा पाइप कुठेतरी तुंबला असावा. आणि ५०१ च्या बंद घरातून येणाऱ्या वासाबद्दल गेली तीन महिने जी पत्रापत्री चालू आहे, त्याचं कारण बहुधा एवढंच आहे की नाहणीच्या ट्रॅपमध्ये अडून राहणारं, गटाराचा वास अडवणारं दोन इंच पाणी आटून गेलंय. दर काही आठवड्यांनी प्रत्येक नाहणीत तांब्याभर पाणी ओतायला कोणाला तरी सांगा. त्यासाठी पाइपलाइन बदलायचा ठराव नको.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा उल्लेख तक्त्यात असावा असा माझा आग्रह आहे. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटरचं २० अंशांवरून ६० अंशांवर नेलं तर जवळजवळ चारशे मिलिलिटर जास्तीचं होतं. त्याला वाट हवी. आपल्याच इमारतीत दोन घरांत, गिझर ठिबकतो म्हणून त्या व्हॉल्व्हला बुच मारून ठेवलंय. नावं लिहीत नाही, पण समितीने बघावं. बाकीच्या गळतीने भिंती खराब होतात, इथे माणसाला इजा होईल.

तेव्हा विनंती अशी की ४०२ ची नोटीस तूर्त थांबवावी आणि पुढच्या तपासणीच्या तक्त्यात 'योग्य-अयोग्य' च्या खुणांऐवजी आकडे असावेत : दाब किती, बादलीला सेकंद किती, रंग उतरला की नाही, किती वाजता ठिबकलं. भिंतीच्या आतलं कोणालाच दिसत नाही, आमच्या त्या गृहस्थांनीही अहवालात ते पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मग निदान बाहेर जे मोजता येतं ते तरी मोजलेलं असावं.

वॉल्व्हच्या चाचणीसाठी येत्या रविवारी सकाळी ११ ते २ ही वेळ मला चालेल. आदल्या दिवशी फलकावर सूचना लावा, म्हणजे लोक बादल्या भरून ठेवतील. ४०२ चे आजोबा खुर्ची घेऊन माझ्या बाथरूमच्या दारात बसणार म्हणताहेत. आपणही या, दुसरी खुर्ची आहे.

आपली,
सभासद, सदनिका क्र. ३०२

सोबत : सहा दिवसांच्या नोंदींची झेरॉक्स, डक्टचे चार फोटो