ती कुजबुज नव्हती

मा. संपादक, स. न.

धोपटेश्वरच्या (ता. बदनापूर) दगडाबाई शेळके निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांविरुद्ध हत्यार घेऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यावरच्या नाटकाचा प्रयोग परवा जालन्यात झाला. त्यावर आपल्या सदरात एका वाचकाचं पत्र आलं आहे. तक्रार नाटकाबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे. खेड्यातून आलेले लोक प्रयोगभर बडबडत होते, त्यांना नाटक पाहायची रीत नाही, असा एकूण सूर. मी त्या बडबड्यांच्या मधोमधच बसलो होतो, म्हणून लिहितो. (मोबाइल वाजले ते पुढच्या, मानाच्या रांगेत. पण ते असो.)

माझ्या शेजारी एक आजी होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, नातवाबरोबर आलेल्या. घोड्याच्या प्रसंगाला ताशा कडाडला, शिट्ट्या पडल्या, तरी आजी हातावर हात ठेवून बसल्या. मग रात्रीचा प्रवेश आला. दारावर थाप पडते आणि नायिका घाईघाईनं परातीतल्या पिठाखाली पिस्तूल सारते. आजी नातवाकडं वळल्या. "पिठात कोन ठिवतं रे? पिठाला तर पह्यला हात घालायचे ते. माझ्या सासूनं डाग पेवात टाकले व्हते, वरून शेणानं सारवलं व्हतं." (डाग म्हणजे दागिने, पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा.) मागच्या रांगेतले एक बाबा लगेच म्हणाले, आमच्यात कडब्याच्या गंजीत ठेवायचे. तिसऱ्यानं सांगितलं की त्यांच्या आज्यानं रातोरात गाडी जुंपली आणि बायकापोरं निजामाच्या राज्याबाहेर, बुलढाण्याच्या हद्दीत नेऊन सोडली. झाली ती एवढीच 'बडबड'.

रंगमंचावरच्या रेडिओवर १५ ऑगस्ट १९४७ ची घोषणा झाली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आपलं अजून तेरा महिनं बाकी हाय!" सगळं नाट्यगृह हसलं. पत्रलेखकांना हा थिल्लरपणा वाटला. मला वाटतं, १३ सप्टेंबर १९४८ ला 'पोलीस ॲक्शन' म्हणून भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला, हे ज्याच्या घरात माहीत आहे त्यालाच असं ओरडता येतं. आमच्याकडं अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या जन्माचा हिशेब 'रझाकाराच्या आधी' आणि 'पोलीस ॲक्शननंतर' असाच सांगतात.

नाटकाबद्दल बोलायचंच तर दोन गोष्टी खटकल्या. एक, धोपटेश्वरची बाई इतकं पुस्तकी बोलते की आजी मध्येच म्हणाल्या, "ही मास्तरीण हाय का?" निवेदकानं दगडाबाईंना चार वेळा 'मराठवाड्याची झाशीची राणी' म्हटलं, तेही नको होतं. दगडाबाई हे नाव काय कमी वजनाचं आहे?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. रझाकार आत येताच काही पोरांनी ज्या घोषणा दिल्या, त्या रझाकारांपुरत्या राहिल्या नाहीत. पत्रलेखकांना या गोंगाटाचा त्रास झालेला दिसत नाही. रझाकारांविरुद्ध लिहिणारे, 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारलं गेलं. नाटकात त्यांचं नाव एका वाक्यात आलं असतं, तरी त्या पोरांना जरा थांबावं लागलं असतं.

नाटक मंडळींना एकच विनंती. पुढचे प्रयोग बदनापूर, अंबड, भोकरदनकडं करा, आणि पडदा पडल्यावर लगेच सामान बांधू नका. अर्धा तास खाली येऊन बसा. पिस्तूल कुठं लपवायचं ते लोक सांगतील.

सुटल्यावर पायऱ्या उतरताना मी आजींना विचारलं, ते पेव आहे का अजून? "हाय की. बुजवलंय. त्याच्यावर आता हा फटफटी लावतो," म्हणत त्यांनी नातवाच्या पाठीत एक हलकी चापट मारली.

आपला,
एक वाचक, जि. जालना