पालकमंत्री साहेब, कोळसा न्या, पण उपशाच्या पाण्याचा हिशेब द्या

मा. पालकमंत्री, चंद्रपूर जिल्हा, यांना नमस्कार.

साहेब, मी भद्रावती तालुक्यातला, आमचं वावर कोळसा खाणीपासून पायी दहा मिनिटांवर. मागच्या मे महिन्यात विहिरीत वाकून पाहिलं तर मोटरचा फुटबॉल (फूटव्हॉल्व्हला आमच्याकडे असंच म्हणतात) पाण्याच्या वीतभर वर लटकलेला, अन् त्याच दिवशी धुऱ्यापलीकडे खाणीचा पाइप नाल्यात धो धो पाणी ओतत होता. डोकं सणकलं, खरं सांगतो.

आपल्या वर्धा खोऱ्यात दोन्ही गोष्टी एकावर एक आहेत, खाली बराकार थरात कोळसा आणि वर कामठी थराचा वाळूचा दगड, आणि हा दगड म्हणजे पाण्याची टाकीच. बाकी महाराष्ट्रात काळ्या बेसाल्टच्या फटी शोधत फिरावं लागतं, तशी वेळ आमच्यावर नव्हती, आजोबांना 35 फुटांवर पाणी लागलं होतं. पण कोळसा काढायचा तर वरची टाकी फोडावीच लागते, खड्डा कोरडा ठेवायला पंप रात्रंदिवस चालतात, मग आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तिकडंच झिरपत जातं.

खाण बंद करा असं मी म्हणतच नाही. चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र या कोळशावर चालतं, कोरपना-राजुऱ्याच्या चुनखडीवर सिमेंट कारखाने उभे आहेत, माझा चुलतभाऊच तिकडे ड्यूटीवर असतो. पण शेतकऱ्यानं बोअर मारायची म्हटली की 2009 चा भूजल कायदा आठवतो, 60 मीटरच्या खाली गेलं की ती खोल विहीर, मग बंधनं. खाणीचा खड्डा किती खोल, हे कोण विचारतं?

2015 च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा फंड आला, खाणवाल्यांकडून रॉयल्टीच्या हिशेबात पैसा येतो, आणि खर्चाच्या यादीत पिण्याचं पाणी प्राधान्याचं म्हणून लिहिलंय. त्या फंडातून खाणीचं पाणी आधी तपासा, गाळ बसवा, मग गावतलावात सोडा, तलाव भरला तर विहिरीलाही थोडंफार लागेल.

आणि रोज किती उपसा झाला तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहायला सांगा. फळा आहे आमच्याकडे, सध्या त्यावर मागच्या वर्षीच्या ग्रामसभेची नोटीस आहे, ती मी पुसून देतो.

आपला,
खाणीशेजारचा एक शेतकरी