तळहातावर गिरवलेले अक्षर

आदरणीय सेन्सेई यांस,
सादर प्रणाम.

टोकियोत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात, पंधराव्या शतकातले जपानी भिक्षू-चित्रकार सेश्शू यांच्या ‘हाबोकु सानसुइ’ या शाईच्या निसर्गचित्रासमोर आपली भेट झाली, त्याला महिना लोटला. पण आपले आभार मानल्यावाचून मला चैन पडत नाही.

या चित्राची छापील प्रत मी वर्षानुवर्षे जपली आहे. वरचा एवढा मोठा भाग अक्षरांनी का भरला आहे, असे ज्यांना विचारले त्यांनी वाटाण्याच्या अक्षताच लावल्या. कलेचा इतिहास शिकवणाऱ्या एका विद्वानांनी तर ‘ती सजावट आहे, तुम्ही डोंगर पाहा’ असे म्हणून मला भर वर्गात खाली बसवले. ते शब्द अजून सलतात.

आपण माझा प्रश्न पूर्ण ऐकून घेतलात. मग डावा तळहात पुढे धरून, त्यावर बोटाने ‘परतणे’ या अर्थाचे एक चिनी अक्षर रेघ-रेघ करीत लिहिलेत. ते मला माझ्या तळहातावर नीट गिरवता येईपर्यंत, मागे लोक खोळंबलेले असतानाही, आपण तीनदा लिहून दाखवलेत. पाटीवर ‘श्री’ गिरवून घेणाऱ्या माझ्या आजीनंतर इतक्या सबुरीने मला कोणी अक्षर दिले नव्हते.

त्या एका अक्षराने चित्र उलगडले. 1495 साली शिष्य सोएन कामाकुराला परतायला निघाला, तेव्हा शहात्तर वर्षांच्या सेश्शूंनी त्याच्या आग्रहाखातर हे चित्र दिले. आपली नजर अंधुक झाल्याचे त्यांनी त्यावरच लिहून ठेवले आहे, आणि चीनला जाऊन आल्यावर आपल्याच देशातल्या जोसेत्सू व शूबुन या पूर्वसूरी चित्रकारांची थोरवी कळली, हेही. पुढे वाटेत क्योतोच्या सहा झेन भिक्षूंनी वरच्या जागेत कविता लिहिल्या. म्हणजे ज्याला मी सजावट समजून बसले होते, तो निघालेल्या माणसाला दिलेला निरोप होता! असे समजावून सांगायला विद्वत्ता लागतेच, पण समोरच्याचा प्रश्न आपला मानण्याची माणुसकी त्याहून दुर्मीळ आहे.

आता प्रत पाहताना नजर आधी ओल्या शाईच्या कड्याकडे जात नाही. ती वरच्या ओळींवरून उतरते आणि पायथ्याच्या होडीतल्या दोन माणसांपाशी थांबते. ती माणसे आपणच मला बोटाने दाखवली होती, काचेला स्पर्श न करता.

कळावे, लोभ असावा.
आपली ऋणी