आखून ठेवलेल्या रेघेसाठी

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

माझ्या भयपटाच्या पटकथेचा चौथा खर्डा गेल्या आठवड्यात पुरा झाला. श्रेयनामावलीत आपले नाव घालू द्यावे, अशी विनंती मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा आपण ती नाकारलीत. आपल्या इच्छेचा मान राखून इथेही नाव लिहीत नाही. परंतु साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने एका पटकथाकाराला काय दिले, हे चार लोकांसमोर सांगितल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

पहिल्यांदा मी आपल्या ओट्यावर आलो ते अगदी किरकोळ कामासाठी. कथा १८९८ सालची, कोरेगावच्या बाजूच्या एका कल्पित गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरतो त्या हिवाळ्याची. पडद्यावर क्षणभर दिसेल असा एक जुना मोडी कागद मला हवा होता. कागदाचे नंतर पाहू, असे म्हणून आपण आधी पटकथाच ठेवून घेतलीत. आठ दिवसांनी ती परत मिळाली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीच्या पुष्कळ खुणा होत्या, पण दुहेरी रेघ एकाच संवादाखाली होती. त्या संवादात माझा डॉक्टर गावकऱ्यांना उंदरांच्या अंगावरच्या पिसवांपासून सावध राहायला सांगत होता.

हे त्याला कुठून कळले, एवढाच प्रश्न आपण विचारलात. मुंबईत मांडवीला साथ दिसली ती १८९६ च्या सप्टेंबरात. अलेक्झांडर येर्सिन यांनी त्याआधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला या रोगाचा जंतू ओळखला होता, त्यामुळे जंतूचे नाव डॉक्टरच्या तोंडी शोभले असते. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हा दुवा मात्र पॉल-लुई सिमाँ यांना कराचीत १८९८ मध्येच सापडला आणि तो सर्वमान्य व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली. मी ते वाक्य खोडायला निघालो, तेव्हा आपण मला थांबवलेत. भीती इथेच आहे, असे आपण म्हणालात; त्या खोलीतल्या एकालाही पिसू ठाऊक नाही आणि चित्रपटगृहातल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे.

बाई, माझ्या पहिल्या खर्ड्यात पडका वाडा होता, आपोआप वाजणारे दार होते, पांढऱ्या लुगड्यातली आकृती होती; आणि तो वाचून एका निर्मात्याने भीती वाटत नाही असे कळवले होते, ते खरेच होते. आता त्या घरात माळ्यावरून उंदीर पडतो, धडपडत उतरंडीमागे जातो आणि तिथेच मरतो. उंदीर पडल्याचे गावाला कळले तर घर सोडावे लागेल, तोंडाशी आलेली ज्वारी सोडावी लागेल, हे आजीला समजते, म्हणून ती सुनेला गप्प राहायला सांगते, केरसुणीने उंदीर सुपात घेते, अंधारात उकिरड्यावर टाकून येते, राखेने हात धुते, आणि नातू थंडीने कुडकुडतो आहे असे पाहून उतरंडीजवळची वाकळ उचलून त्याच्या अंगावर घालते. मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा ऊब शोधत निघतात, हे पाहणाऱ्याला माहीत आहे. या प्रसंगाला पार्श्वसंगीत असू नये, अशी सूचना मी पानावर लिहून ठेवली आहे. भयकथा जुन्या काळात न्यायची ती कशासाठी, याचे उत्तर मला या एका प्रसंगात मिळाले: त्या माणसांना जे ठाऊक नव्हते ते आपल्याला ठाऊक असते, आणि आपण त्यांना हाक मारू शकत नाही.

बाकीच्या खुणांबद्दल थोडक्यात लिहितो. गावकऱ्यांच्या तोंडचा स्वच्छ ‘प्लेग’ आपण ‘पिलेग’ केलात. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्या माझ्या कुळवाड्याला त्याच्या घरात घड्याळ कुठे टांगले आहे, असे विचारलेत. घरझडतीच्या प्रसंगात, ऊन आत यावे म्हणून घरांची कौले उतरवली जात, हे सांगितलेत, आणि डोक्यावरचे छप्पर उघडे पडलेले देवघर त्यामुळे पटकथेत आले.

उजेडाबद्दल आपण जे शिकवलेत ते मात्र थोडक्यात सांगण्यासारखे नाही. माझ्या खर्ड्यातल्या साऱ्या रात्री अमावास्येच्या होत्या. आपण पंचांग उघडून बसलात आणि कार्तिकापासून पौषापर्यंतच्या रात्रीच्या प्रत्येक प्रसंगाला तिथी द्यायला लावलीत. कारण जेवणे आटोपल्यावर जिथे घरातला एकुलता दिवाही मालवला जातो, तिथे रात्री कोणी कधी बाहेर पडायचे हे चंद्र ठरवतो. चंद्र रोज सुमारे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, उशिरा उगवतो. हे मी शाळेत कधीतरी घोकलेही असेन, पण त्यावर पटकथेची बांधणी उभी राहू शकते, हे मला आपल्या ओट्यावर उमगले. पटकथेतला सर्वांत चांगला प्रसंग त्यातूनच आला. गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला गेले आहे. संकष्टीची रात्र आहे. उपास सोडण्यासाठी बायामाणसे पूर्वेकडे, म्हणजे सोडलेल्या गावाकडेच, तोंड करून चंद्राची वाट पाहत उभी आहेत, आणि चंद्रोदयाआधीच्या त्या गडद अंधारात, ओस पडलेल्या घरांमध्ये, एक दिवा पेटलेला दिसतो.

हा दिवा कोणाचा, यावरून आपण माझ्यावर रागावलात. एवढ्या महिन्यांत एकदाच. पहिल्या खर्ड्यात गावातल्या एका विधवेवर चेटकीण असल्याचा आळ येत होता आणि अखेरीस ती खरोखरच चेटकीण निघत होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या साताऱ्यात बसून गावाच्या मरणाचे खापर एका निराधार बाईच्या माथी फोडायचे, हे आपल्याला सहन झाले नाही. भुतांच्या गोष्टींवर आपला आक्षेप नव्हता. सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, विहिरीवर आसरा असतात, समंध ठेव्याची राखण करतो, हे सगळे आपणच मला प्रेमाने समजावून दिलेत. गावाचा त्यांच्यावरचा विश्वास पुरेपूर दाखवावा, पण पटकथेने त्याची साक्ष देऊ नये, एवढाच आपला आग्रह होता. मग आपण सावित्रीबाई फुले यांची आठवण काढलीत. याच जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. माझी कथा घडते त्याआधी दोन वर्षेही झालेली नव्हती.

आता तो दिवा त्या विधवेचाच आहे. ज्यांना उचलून माळावर नेता आले नाही अशा दोन आजाऱ्यांपाशी ती राहिली आहे. माळावरची माणसे त्याला हडळीचा दिवा म्हणतात आणि झोपड्यांतली कुजबुज रोज रात्री वाढत जाते. घरात कोण आहे हे पाहणाऱ्याला आधीच कळलेले असल्यामुळे त्याला धास्ती वाटते ती माळावरच्या माणसांची. शिवाय आजीने झोपडीत आणलेल्या सामानात ती वाकळ आहेच.

ज्यासाठी मी आलो होतो तो कागद आपण सगळ्यांत शेवटी दाखवलात. एका दुकानदाराची जमाखर्चाची वही होती ती. गूळ, मीठ, हळद, सुतळी, रुपये, आणे, पै. साथीचा एक शब्दही तिच्यात नाही. मोडी लिहिणारा आधी रेघ आखून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जातो, हे आपण ओळींवर बोट फिरवून दाखवलेत. नंतर पान उलटलेत. त्या पानावर रेघा होत्या, अक्षरे नव्हती. पुढची दोन पाने तशीच. त्यानंतर हिशेब पुन्हा सुरू होत होता, पण अक्षराचे वळण निराळे होते. त्या दुकानदाराचे काय झाले, ते वही सांगत नाही. आपण काही बोलला नाहीत, आणि मलाही बराच वेळ बोलवले नाही. पटकथा आता त्या तीन पानांनी सुरू होते.

इतका वेळ, इतकी दुपारची झोप, इतका चहा आणि इतके ज्ञान आपण एका अनोळखी माणसाला काहीही न मागता दिलेत, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

शेवटच्या प्रसंगात पुढची संकष्टी येते आणि माणसे पुन्हा पूर्वेकडे पाहत उभी राहतात. त्या वेळी दिवा दिसावा की दिसू नये, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोन्ही पाने लिहून ठेवली आहेत. येत्या रविवारी वही परत द्यायला येईन तेव्हा ती वाचून दाखवीन. पेन्सिल हाताशी ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
आपल्या ओट्यावरचा पटकथाकार